हिअरिंग एडमध्ये एएनसी: आवाज खरंच सुधारतो की नुसता बोलबाला?

मंद्रसप्तक
इअरबडमध्ये अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन (पुढे नुसतं एएनसी म्हणतो) सर्रास झालं आहे. हेच तंत्र हिअरिंग एडमध्ये आलं की आवाजाचा दर्जा एकदम सुधारेल, असं बरेच जण धरून चालतात. यावर जाणकारांची मतं हवी आहेत.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. कानामागचं आरआयसी यंत्र (स्पीकर वायरने कानाच्या नळीत उतरतो तो प्रकार), ओपन डोम (कानात बसणारी भोकांची मऊ टोपी). ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऐकू येतं त्याचा आलेख, 500 हर्ट्झपर्यंत जवळजवळ नॉर्मल, 2000 च्या पुढे घसरत 55-60 डेसिबलच्या श्रवणतोट्यापर्यंत. म्हणजे वाढत्या वयात नेहमी दिसणारा आलेख. तक्रारी तीन: पंख्याची नि गाडीची घरघर, चार जण एकदम बोलले की सगळा काला, आणि एकूणच आवाज पोकळ वाटणं. यातलं एएनसीने काय सुटेल?

टिटवी
आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. सेटिंगमध्ये 'नॉइज रिडक्शन' लिहिलेलं असतं ते एएनसी नव्हे. त्यात यंत्र आत आलेल्या आवाजाचे वारंवारतेनुसार बारीक पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यातला चढउतार बघतं. बोलण्याची पातळी सेकंदाला साधारण चार वेळा वरखाली होते, कारण अक्षरं त्याच वेगाने येतात. पंख्याचा आवाज एकसुरी. ज्या पट्ट्यात चढउतार कमी, तिथला गेन (आवाजाची वाढ) यंत्र उतरवतं. त्या पट्ट्यात बोलणंही असेल तर तेही सोबत उतरतं. म्हणून याने कानाला आराम मिळतो, थकवा कमी होतो. शब्द जास्त कळतात असं मात्र सहसा होत नाही.

एएनसी उलट बाजूने काम करतं. यंत्राला बगल देऊन थेट कानात शिरलेल्या आवाजावर ते उलट्या फेजचा, म्हणजे लाटेच्या चढाला उतार जुळवणारा आवाज सोडतं. म्हणजे पहिलं यंत्रातून जाणाऱ्या आवाजासाठी, दुसरं यंत्राच्या बाजूने निसटलेल्या आवाजासाठी.

आगाऊ_कार्टा
फक्त मीटिंगमधले साहेब कॅन्सल करणारं मॉडेल आलं की कळवा. रांगेत पहिला मी.

रेझिस्टर
@आगाऊ, साहेबांच्या आवाजाचा फक्त खर्ज जाईल. ओरडा तेवढाच राहील, वर तो पातळ आवाजात ऐकावा लागेल.

आता गंभीरपणे. एएनसीचं गणित विलंबावर चालतं. उलटा आवाज मूळ आवाजाच्या किती अंशांनी मागे पडला (एक पूर्ण आवर्तन म्हणजे 360 अंश), त्यावर उरलेला आवाज ठरतो. 10 डेसिबल कपात हवी तर चूक साधारण 18 अंशांच्या आत हवी, 20 डेसिबल हवी तर 6 अंशांच्या आत. 60 अंशांवर फायदा शून्य, आणि त्यापुढे आवाज उलट वाढतो.

एकूण विलंब 50 मायक्रोसेकंद धरा. 200 हर्ट्झला ती चूक 3.6 अंश, म्हणजे कागदावर सुमारे 24 डेसिबल कपात. 1000 हर्ट्झला तोच विलंब 18 अंश, कपात 10 डेसिबल. 3000 हर्ट्झला 54 अंश, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून एएनसी 1000 हर्ट्झच्या खालीच खरं चालतं.

हिअरिंग एडची नेहमीची प्रक्रिया 5 ते 8 मिलिसेकंद घेते. 5 मिलिसेकंदांत 1000 हर्ट्झची पाच आवर्तनं होऊन जातात. तेव्हा एएनसी हा सॉफ्टवेअर अपडेटने येणारा प्रकार नाही. त्याला चिपमध्ये वेगळा झटपट मार्ग लागतो आणि कानाच्या आत तोंड केलेला आणखी एक मायक्रोफोन लागतो. बाहेरचा मायक्रोफोन येणारा आवाज आधी पकडतो, आतला मायक्रोफोन उरलेली चूक मोजतो. दोन्ही असले की हायब्रिड.

झिपऱ्या
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

कर्णफूल
नमुन्यातल्या यंत्राची मेख दोनच शब्दांत आहे: ओपन डोम. 1000 हर्ट्झखालचे आवाज ओपन डोमच्या भोकांतून जवळपास जसेच्या तसे कानाच्या पडद्यापर्यंत जातात. म्हणजे घरघर यंत्रातून येतच नाही. नॉइज रिडक्शन अगदी टोकाला नेलं तरी तिला धक्का लागत नाही. लोक सेटिंग बदलत राहतात, घरघर तिथेच.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. पंखा चालू ठेवा, यंत्र कानातच असू द्या आणि अ‍ॅपमधून म्यूट करा. घरघर तेवढीच राहिली तर ती थेट मार्गाने येते. तिच्यावर उपाय डोम किंवा साचा (कानाच्या मापाने बनवलेला तुकडा) बदलणं. घरघर गेली तर यंत्रच ती वाढवत होतं. तिच्यावर उपाय प्रोग्रॅमिंग. हे ठरल्याशिवाय एएनसीवर बोलण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारात ऑडिओलॉजिस्टला नेमकं सांगायचं: '50 डेसिबलच्या हळू आवाजाचा गेन 250 ते 750 हर्ट्झमध्ये 3 डेसिबल उतरवून बघा, आणि एक्सपान्शनची मर्यादा थोडी वर न्या.' एक्सपान्शन म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज वाढवायचाच नाही. मायक्रोफोनची स्वतःची सूंऽऽ त्यातच दबते. मर्यादा फार वर नेली तर दुसऱ्या खोलीतली हाक आणि कुजबूज हरवते, म्हणून एका वेळी एकच पायरी.

सरळसोट
म्हणजे क्लोज्ड डोम लावा, प्रश्न मिटला? कागदावर. तो लावला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि यंत्र चार दिवसांत डबीत जाऊन बसतं. ज्यांना खर्ज नीट ऐकू येतो त्यांना ओपन डोम देतात तो याच कारणासाठी.

कर्णफूल
@सरळसोट, मान्य. पण 'घुमतं' ही तक्रारही दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय उलटसुलट आहेत.

यंत्र घालून 'ईऽऽ' आणि 'ऊऽऽ' म्हणा, मग 'आऽऽ'. कान बुजल्यामुळे येणारं घुमणं ई-ऊला जास्त, आ-ला कमी जाणवतं. आता म्यूट करून पुन्हा म्हणा. तेवढंच घुमलं तर कान बुजलाय: हाडातून आणि कूर्चेतून आलेला आवाज बाहेर पडायला वाट नाही. 500 हर्ट्झखाली ही वाढ 20 डेसिबलच्या पुढेही जाऊ शकते. उपाय: व्हेंट (डोम-साच्यातलं हवेचं छिद्र) मोठा करणं, किंवा साचा इतका खोल करणं की तो कानाच्या नळीच्या हाडाच्या भागात टेकेल. म्यूट केल्यावर घुमणं गेलं तर दोष गेनचा. तिथे डोम बदलून काही होत नाही, खालच्या पट्ट्यातला जोरकस आवाजाचा गेन उतरवायचा.

1 मिमीचा व्हेंट दाब मोकळा करण्यापुरताच. घुमणं कमी होताना 2 मिमीपासून जाणवतं. 3 मिमीच्या पुढे जवळपास ओपन डोमसारखा हिशोब, आणि शिट्टीचा (यंत्राचा आवाज बाहेर निसटून परत मायक्रोफोनमध्ये शिरला की वाजते ती) धोका वाढतो.

रेझिस्टर
@सरळसोट यांच्या मुद्द्यातच एएनसीची खरी जागा दिसते. आतला मायक्रोफोन फक्त बाहेरची घरघर पकडत नाही. स्वतःच्या आवाजाचा कोंडलेला खर्जही त्याच्या तावडीत येतो. तोही 500 हर्ट्झच्या खालीच असतो. म्हणजे कान बंद ठेवून घुमणं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करता येतं. माझ्या मते हिअरिंग एडसाठी एएनसीचा मोठा उपयोग हा, पंख्याचा नंतर.

ओपन डोममध्ये एएनसी का जमत नाही तेही लिहितो. उलटा आवाज मूळ आवाजाइतकाच मोठा लागतो. गाडीत 100 हर्ट्झच्या आसपास भरपूर ऊर्जा असते. डोम उघडा असला की रिसीव्हरने (यंत्राच्या स्पीकरने) काढलेला खर्ज त्याच भोकांतून बाहेर निसटतो, पडद्यावर दाब तयारच होत नाही. त्या पिटुकल्या रिसीव्हरला जोर लावायला सांगितलं तर तो विकृत आवाज काढायला लागतो. पातळीचीही अट कडक आहे: 1 डेसिबल चुकलं तरी कपात 18 डेसिबलच्या आसपास अडते, फेज कितीही अचूक असो. डोम कानात जरा हलला की एवढी चूक सहज होते.

आणखी एक, फुकट काही मिळत नाही. आतल्या मायक्रोफोनवर चालणारं एएनसी एका पट्ट्यात आवाज दाबतं तेव्हा दुसऱ्या पट्ट्यात तो थोडा फुगवतं. बहुधा 1 ते 3 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमकी व्यंजनं असतात तिथे हलकी सळसळ येते. ढिसाळ डिझाइनमध्ये ती ऐकू येते.

टिटवी
शिवाय वारा. बाहेरच्या मायक्रोफोनवर वारा आपटला की तो आवाज कानात मुळात नसतोच, पण एएनसी त्याचा 'उलटा' आवाज इमानदारीने कानात ओततं. म्हणून वारा ओळखून बाहेरचा मायक्रोफोन एएनसीतून काढून टाकावा लागतो. वाऱ्यात डायरेक्शनल (समोरचंच जास्त टिपणारा) मोडही नको, ऑम्नी (सगळीकडचं सारखं टिपणारा) ठेवा; डायरेक्शनल मायक्रोफोन वाऱ्याला जास्त बळी पडतात.

गोगलगाय
नवखी शंका. पोकळ आवाजाचं काय? त्यावर कोणी बोललंच नाही.

रेझिस्टर
पोकळपणा विलंबातूनच येतो. ओपन डोममध्ये एकच आवाज दोनदा पोचतो: एकदा थेट, एकदा यंत्रातून 5 मिलिसेकंद उशिरा. दोन्ही सारख्या पातळीचे असले की काही वारंवारता एकमेकींना मारतात. 5 मिलिसेकंदांना पहिला खड्डा 100 हर्ट्झला, मग 300, 500, 700 असे दर 200 हर्ट्झला. ऐकायला पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. जिथे गेन जास्त तिथे यंत्राचा आवाज वरचढ, जिथे गेन शून्य तिथे थेट आवाज वरचढ, दोन्हीकडे खड्डे उथळ. त्रास मधल्या पट्ट्यात, म्हणजे नमुन्यातल्या आलेखात साधारण 1000 ते 1500 हर्ट्झला.

उपाय तीन. कान थोडा बंद करून थेट आवाज कमी करणं. ज्या खालच्या पट्ट्यात गेनची गरजच नाही तिथे तो 1-2 डेसिबल ठेवण्याऐवजी पूर्ण उतरवणं. किंवा मुळातच विलंब कमी असलेलं यंत्र. वायडेक्स कंपनीने 2020 मध्ये मोमेंट मालिकेत अर्ध्या मिलिसेकंदाचा मार्ग याच कारणासाठी आणला.

सरळसोट
हे पटलं. पण मूळ रडगाणं वेगळंच असतं: 'चार जण बोलले की काही कळत नाही'. त्यावर एएनसी काय उपटणार?

टिटवी
काहीच नाही. बाकीच्या तिघांचं बोलणंही बोलणंच. तेच पट्टे, तोच चढउतार. एएनसीला त्यातला आपला माणूस कोणता हे कळत नाही, जुन्या नॉइज रिडक्शनलाही नाही.

तिथे चालतं अंतर आणि दिशा. दोन मायक्रोफोनांची डायरेक्शनल जोडी समोरच्याला साधारण 3 ते 5 डेसिबल वर काढते, तीही बोलणारा जवळ असेल आणि खोलीत आवाज फार घुमत नसेल तर. ओपन डोममध्ये हा फायदाही खर्जात वाहून जातो. रिमोट मायक्रोफोनचं गणित मात्र जबरदस्त: बोलणारा 2 मीटरवर असेल आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडापासून 20 सेंमीवर लावला, तर अंतर दहापट कमी, म्हणजे थेट आवाज 20 डेसिबल वर. कोणतीही चिप याच्या जवळपास येत नाही. लावताना हनुवटीखाली वीतभर, कपड्यावर घासणार नाही असा, आणि मायक्रोफोनवरचा तीर तोंडाकडे.

मंद्रसप्तक
टिटवी, मग डीप न्यूरल नेटवर्कवाली यंत्रं? त्यांचा दावा तर बोलणं वेगळं काढण्याचाच आहे.

टिटवी
हो, आणि तो दावा पोकळ नाही. ओटिकॉन कंपनीने 2021 मध्ये 'मोर' (More) हे यंत्र आणलं, फोनाकने 2024 मध्ये 'स्फिअर' यंत्रामध्ये त्यासाठी वेगळी चिपच घातली. बोलणं आणि गोंगाट यांचा आकृतिबंध शिकलेलं नेटवर्क त्यांना वेगळं करतं; नुसता चढउतार बघत बसत नाही. एकसुरी गोंगाटात, भांड्यांच्या खडखडाटात फरक चांगला. गर्दीतल्या बडबडीत मात्र शेजारच्याचं बोलणं त्यालाही बोलणंच वाटतं, म्हणून तिथे दिशेची मदत घ्यावीच लागते. बॅटरीही खातं. आणि पुन्हा तेच: भोकातून थेट आलेल्या गोंगाटाला नेटवर्क हात लावू शकत नाही. अशा यंत्रावर ओपन डोम लावणं म्हणजे पैसे भोकातून घालवणं.

आगाऊ_कार्टा
थोडक्यात, सगळा दोष त्या भोकाचा. भोकाच्या निषेधार्थ वेगळा धागा काढावा काय?

कर्णफूल
:) भोकाशिवाय कान घामेजतो आणि खाजतो, त्यामुळे निषेध सबुरीने.

यंत्र बदलण्याआधी एक मोजणी करून घ्या: रिअल इअर मेजरमेंट. कानाच्या पडद्यापासून 5 मिमीच्या आत बारीक नळी ठेवून, यंत्र घातलेलं असताना तिथे खरोखर किती आवाज पोचतो ते बघतात. 50 किंवा 55, मग 65, मग 80 डेसिबलला बोलण्याचा नमुना वाजवायचा आणि आलेख एनएएल-एनएल2 किंवा डीएसएल या सूत्रांच्या लक्ष्याशी (कोणत्या तोट्याला किती आवाज हवा) जुळवायचा. कंपनीच्या सॉफ्टवेअरचा पहिला फिट (आपोआप केलेलं सेटिंग) 2000 हर्ट्झच्या वर बऱ्याचदा लक्ष्याच्या खाली पडतो. स, श, फ, त हीच अक्षरं तिथे असतात. ती गेली की 'गोंगाटात कळत नाही' ही तक्रार येते आणि खापर गोंगाटावर फुटतं.

डोम बदलला की मोजणी पुन्हा. नुसता डोम बदलून सॉफ्टवेअरमध्ये जुनाच ठेवला तर खर्जाचा हिशोब पूर्ण चुकतो.

हेमगर्भ
अवांतर: संगीतासाठी काय करावं? बासरी लागली की यंत्र थरथरतं.

रेझिस्टर
ती थरथर शिट्टी रोखणाऱ्या यंत्रणेची. बासरीचा लांब, शुद्ध सूर तिला स्वतःची शिट्टीच वाटतो आणि ती तो खोडायला जाते. संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागा: शिट्टीरोधक सौम्य किंवा बंद, नॉइज रिडक्शन बंद, मायक्रोफोन ऑम्नी, कॉम्प्रेशन (हळू नि मोठ्या आवाजातला फरक कमी करणं) मंद गतीचं. शिट्टीरोधक बंद केल्यावर डोम घट्ट बसलेला हवा, नाहीतर खरी शिट्टी सुरू. जोरदार वाद्यं फाटल्यासारखी येत असतील तर आवाज कमी करून उपयोग नसतो. आत शिरतानाच आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाची मर्यादा ओलांडलेली असते. लांब बसणं हा सोपा उपाय. एएनसी असेल तर संगीतात तेही बंद.

अवांतराला अवांतर: एएनसीची मूळ कल्पना बरीच जुनी. जर्मनीच्या पॉल लुएग यांचं अमेरिकी पेटंट 1936 चं. 

गोगलगाय
आणि हिअरिंग एडचं काम करणारे इअरबड? त्यात एएनसी आधीच आहे ना?

कर्णफूल
आहे, आणि एएनसीची परीक्षा घ्यायला तेच बरे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने सप्टेंबर 2024 मध्ये एअरपॉड्स प्रो 2 च्या हिअरिंग एड सॉफ्टवेअरला परवानगी दिली. 18 वर्षांवरच्यांसाठी, सौम्य ते मध्यम श्रवणतोट्यापुरती. टोप्या कान बंद करतात, आतला मायक्रोफोन आहे, रिसीव्हर मोठा आहे, म्हणजे रेझिस्टर यांनी सांगितलेल्या अटी तिथे बऱ्याच पुऱ्या होतात. अडचण चार्जची. दिवसभर घालायचं यंत्र मध्येच डबीत ठेवायला लागलं तर त्या वेळचं ऐकणं बुडालं. आणि 60 डेसिबलच्या पुढच्या तोट्याला ते पुरे पडत नाहीत.

सरळसोट
म्हणजे हिशोब असा दिसतो. ज्यांचा खर्जही गेलाय ते मुळात बंद साच्यात असतात, त्यांना घरघर फारशी ऐकूच येत नाही. ज्यांना घरघर छळते त्यांना ओपन डोम, तिथे एएनसी चालत नाही. मग गिऱ्हाईक कोण?

रेझिस्टर
मधले. खर्ज बरा, पण तोटा इतका की कान थोडा बंद केल्याशिवाय पुरेसा गेन मिळत नाही. त्यांना आज घुमणं आणि शिट्टी यांत एकाची निवड करावी लागते. आतल्या मायक्रोफोनचं एएनसी तिथे खरं कामाचं.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. म्हणजे नमुन्यातल्या यंत्रासाठी क्रम असा: म्यूट चाचणी, ई-ऊ चाचणी, मग व्हेंटवाला क्लोज्ड डोम लावून रिअल इअर मोजणी, घोळक्यासाठी रिमोट मायक्रोफोन. एएनसीचा विचार यानंतर. एक राहिलं: यंत्र शांत खोलीत उत्तम, गर्दीत मात्र आधीपेक्षा वाईट झालंय, सेटिंग तेच. असं का होतं?

कर्णफूल
बहुतेक वेळा एका मायक्रोफोनचं तोंड बुजलेलं असतं. डायरेक्शनल जोडीला दोन्ही मायक्रोफोन तंतोतंत सारखे लागतात. 1 डेसिबलचा फरक पडला तरी खालच्या पट्ट्यातली दिशा बिघडते. शांततेत एकच मायक्रोफोन काम भागवतो, म्हणून तिथे कळत नाही. दोन्ही तोंडं खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. पाणी, स्पिरिट, टाचणी नको. मायक्रोफोनवरचा संरक्षक पडदा बदलता येणारा असेल तर बदलून घ्या.

दुसरं कारण यंत्राची बैठक. दोन मायक्रोफोनांना जोडणारी रेघ जवळपास आडवी हवी. वायर एक नंबर लांब असली की यंत्र कानावर मागे झुकतं आणि डायरेक्शनल जोडी छताकडे बघत बसते. वायरचा नंबर बदलला की सुटतं.

टिटवी
+१. आणि सगळाच आवाज दबका झाला असेल तर आधी रिसीव्हरच्या टोकाचा मळाचा फिल्टर बघा. फिल्टरसोबत येणाऱ्या काडीच्या रिकाम्या टोकाने जुना ओढायचा, दुसऱ्या टोकाने नवा दाबायचा. झिंक-एअर बॅटरी असेल तर स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं थांबा, मग आत घाला. तिला हवा लागते. घाईने बंद केली तर सुरुवातीलाच जोर कमी पडतो.

फिल्टर नवा, बॅटरी नवी, तरीही एकाच कानात अचानक फाटकं किंवा मंद ऐकू यायला लागलं तर यंत्राचा नाद सोडून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर तितके बरे, सर्व्हिस सेंटरची तारीख मिळेपर्यंत थांबू नका.